मेडे म्हणजे एक मे नव्हे, पण हे सांगायचं कुणी?

संपादक महाशय,
स.न.वि.वि.

२०२५ च्या जूनमध्ये अहमदाबादला विमान पडलं तेव्हा बातमीत होतं की वैमानिकानं 'मेडे कॉल' दिला. वडलांनी चष्मा वर करून मला विचारलं, "मे डे म्हंजे एक मे न्हवं का रं, महाराष्ट्र दिन? मग ह्यो जूनमधी कुठनं आला?" माणूस जुना मॅट्रिक, पेपर पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचणारा, आणि नेमका तोच शब्द त्यांना कळला नाही. मला ते फार लागलं. मग मी सांगितलं की 'मला मदत करा' अशा अर्थाच्या फ्रेंच बोलावरनं हा शब्द १९२० च्या दशकात लंडनच्या क्रॉयडन विमानतळावर निघाला, आणि रेडिओवर तो सलग तीनदा म्हणतात. वडील जरा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "म्हंजे धावा रं धावा." एवढंच तर पाहिजे होतं. बातमीत 'मेडे, म्हणजे धावा, वाचवा' असं छापलं असतं तर किती जागा गेली असती?

दुसरं, गेल्या पावसाळ्यात बहीण विमानानं कोल्हापूरला येत होती, चाकं टेकणार एवढ्यात विमान परत वर गेलं, शेजारची बाई तर रडायलाच लागली. पायलटनं 'गो-अराउंड' म्हणून सांगितलं आणि थोड्या वेळानं नीट उतरवलं. उतरायचं जमत नाहीये असं दिसलं की चक्कर मारून पुन्हा यायचं, बास. ट्रॅक्टरची ट्रॉली रिव्हर्सला वाकडी गेली की आपण पुढं घेऊन परत लावतो ना, तसंच. हे शहाणपणाचं काम आहे, पण बातम्यांत 'थोडक्यात अनर्थ टळला' असं येतं आणि लोक उगाच घाबरतात.

आणि पायलट रेडिओवर 'रॉजर' म्हणतात, त्याचा अर्थ 'हो' असं कित्येकांना वाटतं, तसं नाही, रॉजर म्हणजे फक्त 'ऐकलं'. 'ऐकलं आणि तसं करतो' म्हणायचं तर 'विल्को'. आपली म्हातारी माणसं फोनवर 'हां, हां' म्हणतात ती ऐकल्याची खूण असते, कबुली नसते, तसा फरक. शब्दाचा घोळ किती महाग पडतो बघा, २७ मार्च १९७७ ला टेनेरिफ बेटावर धुक्यात दोन जंबो विमानं धावपट्टीवर धडकली, ५८३ माणसं गेली. कारणं बरीच होती, पण त्यातलं एक असं की पायलट 'टेकऑफ'ला आहोत म्हणाला आणि टॉवरवाल्याला वाटलं अजून जाग्यावरच उभे आहेत. त्यानंतर उड्डाणाची परवानगी देताना किंवा काढून घेतानाच 'टेकऑफ' म्हणायचं, एरवी 'डिपार्चर', असं ठरलं.

बरं हे विमानापुरतंच नाही. खरसुंडीच्या जनावरांच्या बाजारात हेडे, म्हणजे जनावरांचे दलाल, रुमालाखाली बोटं धरून खिलार बैलाचा भाव करतात, नवख्याला काय कळणार? आमच्या पुण्याच्या वहिनी लग्नात 'नाद खुळा' ऐकून विचारत होत्या, कोण खुळं झालं म्हणून. शब्दकोशात नाद म्हणजे आवाज नाहीतर छंद, तेवढ्यानं भागत नाही. इतकं भारी की बघणारा खुळा व्हावा, असं सांगितल्यावर त्यांना पटलं.

तर विनंती अशी की आठवड्याला एक छोटी चौकट द्या, दोन शब्द विमानाचे, दोन आपल्या भागातले, आणि अर्थ घरात बोलतो तसा लिहा. 'ब्लॅक बॉक्स'ला 'उड्डाण अभिलेखक' लिहून कुणाला काही कळत नाही. त्यापेक्षा, नाव काळं पण डबा नारिंगी, ढिगाऱ्यात पटकन दिसावा म्हणून, आत पायलटचं बोलणं आणि विमानाची नोंद असते, असं लिहा. एअरफोर्समधनं रिटायर झालेली माणसं आपल्या जिल्ह्यातही आहेत, त्यांच्याकडनं लिहून घ्या, आनंदानं देतील.

वडलांनी वही घातलीय. त्यात सध्या 'टॅक्सी वे' लिहून ठेवलाय, विमानतळावर विमानाला टॅक्सी कशाला लागते म्हणून विचारतात. पहिल्या चौकटीत तेवढा घ्या.

आपला,
एक वाचक, तासगाव, जि. सांगली