प्रशिक्षण हवं, पण दुपारच्या झोपेत बसेल असं

संपादक महोदय, पाळणाघरातल्या ताईंना प्रशिक्षण सक्तीचं करा, असं म्हणणारा तुमच्या रविवारच्या अंकातला लेख वाचला, मुद्दा पटला पण खर्च कोण करणार ते त्यात कुठेच नाही. माझं पाळणाघर छोटं आहे, तीन ताई आणि सतरा मुलं, एकीला चार दिवस कोर्सला पाठवलं तर फी मी भरायची, तिच्या जागी बदली बाई शोधायची आणि पालकांना फीवाढ सांगायची, ती कोण ऐकतंय! अंगणवाडी सेविकांसाठी २०२३ पासून ‘पोषण भी पढाई भी’ या केंद्राच्या कार्यक्रमातून सरकारच प्रशिक्षण देतंय, तेच प्रशिक्षक महिन्यातून एकदा आमच्याकडे दुपारी एक ते तीन, मुलं झोपलेली असताना, येऊ शकतील की. गेल्या वर्षी एका बाळाच्या घशात शेंगदाणा अडकला, ताई घाबरून आंधळेपणानं बोट घालायला गेली (त्यानं दाणा आणखी आत जातो), शेजारच्या नर्सबाईंनी बाळाला पालथं धरून पाठीत पाच थापट्या मारल्या तेव्हा तो बाहेर पडला. नंतर त्यांनीच आमच्या तिघींना बाहुलीवर शिकवलं, वीस मिनिटं लागली आणि खर्च झाला चहाचा.

– एक पाळणाघर चालिका, पुणे