गिरगावच्या काकूंना

आदरणीय काकू,
सादर नमस्कार.

आभार मानलेले तुम्हाला आवडत नाहीत, ठाऊक आहे. तरी हे पत्र सगळ्यांसमोर लिहितेय, कारण चाळीच्या गॅलरीत मटार सोलता सोलता तुम्ही जे इंग्रजी शिकवलंत, ते परळच्या हॉस्पिटलात मला रोज उपयोगी पडतं.

सिंपल प्रेझेंट (साधा वर्तमानकाळ) की कंटिन्युअस (चालू वर्तमानकाळ), याची गाइडमधली खूण ठरलेली: 'एव्हरी डे' दिसलं की सिंपल, 'नाऊ' दिसलं की कंटिन्युअस. पेपर सुटतो त्यावर. पण ड्युटी बदलताना पुढच्या सिस्टरला पेशंटची माहिती द्यायची असते, तेव्हा असं कुठलंच 'नाऊ' समोर नसतं. तुम्ही म्हणालात, "शब्द शोधू नकोस. हे नेहमीचं आहे की सध्यापुरतं, एवढं स्वतःला विचार."

'द पेशंट कफ्स ॲट नाइट' म्हटलं की रात्रीचा खोकला ही त्यांची नेहमीची तक्रार. 'द पेशंट इज कफिंग' म्हटलं की आत्ता खोकताहेत, जाऊन बघायला हवं. पुढच्या सिस्टरची पावलं कुठे वळणार, ते या फरकावर ठरतं. 'ही टेक्स इन्सुलिन' हे त्याचं रोजचं औषध; 'ही इज टेकिंग अँटिबायोटिक्स' म्हणजे कोर्स चालू आहे, संपणार आहे. आणि त्या वेळी तो गाढ झोपलेला असला तरी 'इज टेकिंग' बरोबरच! हे माझ्या मते सगळ्यात मोलाचं, आणि नेमकं हेच कुणी समजावून सांगत नाही.

नो (know, माहीत असणं), वॉन्ट, बिलाँग ही क्रियापदं स्थिती सांगतात, म्हणून त्यांना सहसा आयएनजी लागत नाही. 'आय हॅव अ डाउट' म्हणायचं, पण जेवत असलो तर 'आय ॲम हॅविंग लंच' चालतं, कारण तिथे कृती आहे. उद्याची गाडी असली तरी टाइमटेबलमधली वेळ सिंपलमध्येच, 'द ट्रेन लीव्हज ॲट ७:४२'. आपण ठरवलेली भेट मात्र कंटिन्युअसमध्ये.

क्लासची फी मला परवडली नसती. तुम्ही एक पैसा घेतला नाहीत, उलट दर वेळी चहा पाजलात. काकू, हे मी विसरणार नाही.

गुरुवारी मॉर्निंग ड्युटी संपली की येते. वॉर्डातल्या दोघी सोबत आहेत. 'शी ऑलवेज कम्स लेट' आणि 'शी इज ऑलवेज कमिंग लेट' यातल्या दुसऱ्या वाक्यात वैताग कुठून येतो, ते त्यांना तुमच्याच तोंडून ऐकायचंय. मटार आम्ही आणतो.

तुमची,
तळमजल्यावरची सिस्टर