जुने फोटो रद्दीत घालू नका

महोदय,

घर रंगवायला काढलं तेव्हा माळ्यावरच्या ट्रंकेत वडिलांचा गिरणीतला ग्रुप फोटो सापडला. चाळीसेक माणसं, मागे गिरणीचं धुराडं. फोटोच्या पाठीवर नावं, पण तेलुगूत. शेजारच्या पद्मशाली (तेलुगू विणकर समाजाच्या) आजींना दाखवला, तर दुसऱ्या ओळीवर बोट ठेवून म्हणाल्या, "हे माझे दीर!" त्यांच्याकडे दिरांचा एकही फोटो नव्हता.

सोलापुरात इंग्रजांनी लावलेला १९३० चा मार्शल लॉ आणि १२ जानेवारी १९३१ ला फाशी गेलेले चार हुतात्मे पुस्तकांत आहेत, ते योग्यच. पण गिरणीच्या भोंग्यावर उठणारी घरं, साच्यावरची (मागावरची) माणसं? ती ट्रंकांत पडून आहेत, नाहीतर भंगारवाल्याकडे.

जानेवारीत सिद्धेश्वरच्या गड्ड्यावर, म्हणजे जत्रेला, अख्खा जिल्हा लोटतो. तिथं एक टेबल मांडावं. लोकांनी फोटो आणावेत, मोबाईलवर उतरवून तिथल्या तिथं परत द्यावेत. (ठेवून घेतो म्हटलं की कुणी देत नाही, मीही दिला नसता.) मागे नाव, पेठ, साल पेन्सिलीनं लिहावं, बॉलपेननं नको, वळ पुढे उमटतात. तेलुगू, कन्नड, उर्दू वाचणारं कुणीतरी सोबत हवंच.

टेबल आणि दिवा माझ्याकडून.

— एक वाचक, सोलापूर