ट्यूब लिहिण्याआधी पोराला उघडं करून पहा

नागपूर,
जूनचा पहिला आठवडा

प्रिय सुध्या,

तू पाठवलेले फोटो काल रात्री पुन्हा पुन्हा पाहिले. फोनच केला असता, पण तुझ्याकडे रेंज येते-जाते आणि मला जे सांगायचं आहे ते पाच मिनिटांत मावणारं नाही. म्हणून लिहायलाच बसलो.

आधी त्या पोराचं. तोंडाभोवती, शीच्या जागेभोवती आणि हातापायांच्या बोटांवर सोललेले चट्टे, विरळ झालेले केस, अधूनमधून जुलाब आणि दिवसभर किरकिर. बुरशी समजून मलमं झाली, इसब समजून मलमं झाली, उतार नाही. आणि सगळ्यात शेवटी तू लिहिलंस की आईचं दूध सुटल्यावर हे सुरू झालं. सुध्या, निदान त्या शेवटच्या ओळीत आहे! ॲक्रोडर्मटायटिस एन्टेरोपॅथिका आठव. आतड्यातून जस्त शोषून घेणारं प्रथिनच जन्मतः सदोष असतं. आईच्या दुधातलं जस्त तरीही बऱ्यापैकी शोषलं जातं, म्हणून अंगावर पिणारं मूल ठीक दिसतं आणि दूध तुटलं की काही आठवड्यांत कातडी बिघडते.

रक्तातलं जस्त तपासायला नमुना बाहेर पाठवावा लागेल, तो आधी काढून घे. अल्कलाइन फॉस्फटेज या रक्तातल्या एन्झाइमची तपासणी मात्र तुझ्या जिल्ह्याच्या ठिकाणीही होईल. त्या एन्झाइमला जस्त लागतं. वाढत्या वयात ते चढं असायला हवं, तिथे कमी आलं तर आपला संशय पक्का होतो. नॉर्मल आलं तरी संशय सोडू नकोस. रिपोर्टची वाट पाहत मात्र बसू नकोस. जुलाबाच्या मुलांना आपण देतो त्या २० मिलिग्रॅमच्या विरघळणाऱ्या झिंकच्या गोळ्या तुझ्या कपाटात आहेतच. दर किलोमागे दिवसाला ३ मिलिग्रॅम, म्हणजे ८ किलोच्या पोराला २४. काही दिवसांतच आईला फरक कळेल; किरकिर आधी थांबते, कातडी मागाहून भरते. कुपोषणामुळेही हेच चित्र दिसू शकतं आणि ते आहार सुधारल्यावर कायमचं बरं होतं. आजार जन्मजात निघाला तर गोळी जन्मभर, अधूनमधून रक्तातलं तांबं पाहत, कारण जास्त जस्ताने ते खाली येतं. हा फरक आई-बापाला नीट समजावून सांग. बरं वाटलं की गोळी बंद, ही आपल्याकडची रीत आहे आणि या आजारात ती जिवावर बेतू शकते.

आता तुझ्या पत्रातल्या दुसऱ्या वाक्याबद्दल. दुर्मीळ आजार ओळखायला मोठ्या शहरातली यंत्रं लागतात, असं तू लिहिलंस. मला हे मान्य नाही. शिक्कामोर्तब करायला यंत्रं लागतात. संशय मात्र उघड्या डोळ्यांनीच यावा लागतो, आणि तो तुलाच आधी यायला हवा, कारण पोर तुझ्या टेबलासमोर आधी येतं. त्यासाठी खिडकीजवळ उजेडात नेऊन पूर्ण कपडे काढून पहायचं: टाळू, नखं, दात, तोंडाच्या आत, तळहात, तळपाय. मग आईलाही पहायचं.

आईला का, ते सांगतो. भंडाऱ्याकडची एक तान्ही मुलगी माझ्याकडे आली होती. पायांवर आणि कुशीवर पाण्याचे फोड, संसर्ग समजून अँटिबायोटिक चालू. पण फोड विखुरलेले नव्हते, ओळीने होते. पाठीवर मधोमध इंग्रजी व्हीसारखे उतरणारे, कुशीवर वळणारे. आल्फ्रेड ब्लाश्को या जर्मन त्वचारोगतज्ज्ञाने १९०१ मध्ये रुग्णांवरून ज्या रेषा काढून ठेवल्या, त्याच या. गर्भात कातडीच्या पेशी ज्या वाटांनी पसरतात त्यांच्या त्या खुणा. आईला विचारलं तर आधीचे दोन गर्भ पडलेले. तिच्या पोटऱ्या पाहिल्या तर फिकट, केस नसलेल्या पट्ट्या, आणि समोरचे दोन दात टोकदार. इन्कॉन्टिनेन्शिया पिगमेन्टी: एक्स गुणसूत्रावरचा आजार, मुलाचा गर्भ बहुतेकदा टिकतच नाही. फोड आपोआप जातात, त्यांच्या जागी चामखिळीसारखे उंचवटे येतात, मग तपकिरी रेषा. कातडीची काळजी नव्हतीच, काळजी डोळ्यांची होती. पडद्यावरच्या रक्तवाहिन्या बिघडून दृष्टी जाऊ शकते, म्हणून त्याच आठवड्यात रेटिना पाहून घेतला. आईच्या पोटऱ्या पाहिल्या नसत्या तर ती मुलगी अजून अँटिबायोटिकवरच असती.

पांढऱ्या डागाचंही तसंच. आपल्या विदर्भात फिकट डाग दिसला की घरच्यांच्या डोळ्यांत आधी कुष्ठरोगच येतो, आणि त्या भीतीने लोक दाखवायलाच येत नाहीत. कापसाने स्पर्श तपासायला असा किती वेळ लागतो? कुष्ठाचा डाग बहुधा बधिर असतो आणि जन्मापासून कधीच नसतो. जंतू शिरल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत सरासरी ५ वर्षं जातात. याउलट झटके येणाऱ्या एका बाळाचा बाप मला म्हणाला होता, “डॉक्टरसाहेब, पोराले झटके येतेत, तुम्ही कातडी काऊन पाहता जी?” वूड्स लॅम्पखाली, म्हणजे अतिनील प्रकाशाच्या दिव्याखाली, त्या बाळाच्या पाठीवर पानाच्या आकाराचे फिकट डाग उठून दिसले, स्पर्श शाबूत. असे ३ किंवा जास्त डाग, प्रत्येक किमान ५ मिलिमीटरचा, म्हणजे ट्यूबरस स्क्लेरोसिसचा, अनेक अवयवांत गाठी करणाऱ्या जनुकीय आजाराचा, एक मोठा निकष. मेंदू, हृदय, मूत्रपिंडं सगळं तपासावं लागतं, आणि झटक्यांचं औषधसुद्धा या निदानावरून बदलतं.

आणखी एक, कारण आपल्याकडचं ऊन. दोन वर्षांच्या आतल्या सावळ्या पोराच्या चेहऱ्यावर तीळवांग दाटले असतील, ते उजेडात डोळे उघडत नसेल, तर आई-बाप नात्यातले आहेत का विचार. झेरोडर्मा पिगमेन्टोसम असेल तर उन्हाने बिघडलेला डीएनए त्या शरीराला दुरुस्त करता येत नाही आणि त्वचेचा कर्करोग लहानपणीच येतो. बरं करणारं औषध नाही, पण आज ओळखलं तर आजपासून ऊन टाळता येतं. नाव कळल्याने काय होतं, असं विचारणाऱ्याला मी हे पोर दाखवतो.

आपण ज्या पुस्तकांतून शिकलो त्यांतली चित्रं गोऱ्या कातडीची होती, हे मला हल्ली फार जाणवतं. तिथला लालभडक चट्टा आपल्या माणसावर जांभळट किंवा नुसता काळपट दिसतो. म्हणून बोट फिरवून पहा. ऊब, जाडी, खरखर हाताला कळते. त्यात गावोगाव मिळणाऱ्या स्टेरॉइडच्या ट्यूबा. २०१८ पासून त्या चिठ्ठीशिवाय विकायच्या नाहीत असा नियम आहे, तरी मिळतातच, आणि खऱ्या आजाराचा चेहराच पुसून टाकतात. मांड्या-नितंबांवर वर्षानुवर्षं हटत नाही असं म्हाताऱ्या माणसाचं ‘इसब’ असेल तर मायकोसिस फंगॉइडिसचा, म्हणजे त्वचेच्या लिम्फोमाचा, एका कर्करोगाचा, विचार कर. बायोप्सीआधी, म्हणजे कातडीचा तुकडा तपासायला काढण्याआधी, काही आठवडे ट्यूब बंद ठेव. आणि पहिल्या तुकड्यात काही सापडलं नाही म्हणून विषय संपवू नकोस; या आजारात पुन्हा पुन्हा तुकडा काढावा लागतो.

आता तुझ्या त्या अंगणवाडीताईंबद्दल. तोंडातले व्रण चार महिन्यांपासून, दातांचे उपचार झाले, बी-कॉम्प्लेक्स झालं, आणि आता छातीवर फोड. मला पेम्फिगसची भीती वाटते, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच कातडीवर उलटून फोड आणते त्या आजाराची. तो अनेकदा तोंडातच सुरू होतो आणि अंगावर यायला महिने घेतो. तिथे बायोप्सी करू नकोस. दोन तुकडे लागतात. ताज्या फोडाच्या कडेचा एक फॉर्मालिनमध्ये. दुसरा फोडाशेजारच्या चांगल्या दिसणाऱ्या कातडीचा, इम्युनोफ्लुरोसन्ससाठी, म्हणजे कातडीत अडकलेली प्रतिपिंडं चमकवून दाखवणाऱ्या तपासणीसाठी, आणि तो फॉर्मालिनमध्ये गेला की वाया गेला. त्यासाठी मिशेलचं द्रावण लागतं. नसेल तर साधं सलाइन, पण मग २४ तासांत प्रयोगशाळेत पोचवावा लागतो. मी इथे दोन्ही काढून घेईन.

त्यांना मंगळवारी सकाळीच पाठव, सोबत घरचं कुणी असू दे. आजवर लावलेल्या सगळ्या ट्यूबा आणि चिठ्ठ्या, फाटक्या असल्या तरी, पिशवीत घालून आणायला सांग. तोंड दुखत असेल तर मऊ भात, ताक चालेल, तिखट नको. मुक्कामाची सोय नसेल तर आमच्या घरी राहतील, आईला मी सांगून ठेवलं आहे.

वहिनींना नमस्कार, छोटीला आशीर्वाद.

तुझा,
अन्या