राजीनामा तोंडी नको

नोकरी सोडताना वाद होतो तो बहुधा तारखेवरून. म्हणून राजीनामा ईमेलने द्यावा, कामाचा शेवटचा दिवस तारखेसह लिहावा आणि स्वीकारल्याचे लेखी उत्तर मागावे. साहेबांचे 'बघू' म्हणजे स्वीकृती नव्हे. कार्यालयीन ईमेल बंद होण्याआधी नेमणूकपत्र, पगारपत्रके, शिल्लक रजेची नोंद स्वतःजवळ घ्यावी. मात्र ग्राहकांची यादी, कामाच्या फायली वैयक्तिक पत्त्यावर अजिबात पाठवू नयेत. त्याची नोंद सर्व्हरवर राहू शकते आणि मग थकलेला पगार मागणाराच आरोपी ठरतो. लॅपटॉप, ओळखपत्र परत केल्याची सही-तारखेची पोच घ्यावी, त्यात लॅपटॉपचा अनुक्रमांक हवाच. हिशेबाची रक्कम मिळण्याआधी 'काही येणे बाकी नाही' यावर सही मागणे ही तर सरळ दांडगाई आहे.

— एक वाचक