कॅन्सर संशोधकाचे 'सायटेशन' मोजता, जिल्हा कधी मोजणार?

मा. वैद्यकीय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

सविनय नमस्कार.

मी धाराशिव जिल्ह्यातला ग्रंथपाल. प्राध्यापकांच्या पदोन्नतीच्या फायलींना शोधनिबंधांची यादी आणि सायटेशनचा, म्हणजे त्या निबंधांचा हवाला इतरांनी किती वेळा दिला याचा, तक्ता जोडून देणं हे माझं काम. मुलाखतीची तारीख जवळ आली की टेबलासमोर रांग लागते. "सर, स्कोपसचा नको, गूगल स्कॉलरचा आकडा लावा, तो जास्त येतो," असं हळू आवाजात सांगितलं जातं. खोटं त्यात काही नाही. दोन्ही शोधनिबंधांच्या ऑनलाइन सूच्या. गूगल स्कॉलर प्रबंध, अहवाल, काय सापडेल ते मोजतं; स्कोपस निवडक नियतकालिकंच. माणूस एक, काम एक, एच-इंडेक्स (निबंध आणि त्यांची सायटेशन मिळून काढलेला आकडा) दोन. निवड समिती मात्र तक्त्यातला शेवटचा रकाना बघते आणि पान उलटते.

हे आपल्याला लिहायचं कारण आमच्याच जिल्ह्यात घडलेलं आहे. १९९९ साली इथल्या खेड्यांत गर्भाशयमुखाच्या कॅन्सरवर (बायका 'पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर' म्हणतात) एक मोठा अभ्यास सुरू झाला. गावांचे ५२ समूह, ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रिया. बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालय, मुंबईचं टाटा मेमोरियल आणि फ्रान्समधली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांचं हे संयुक्त काम. चार गट केले. एकात एचपीव्ही चाचणी (हा कॅन्सर घडवणाऱ्या विषाणूची), दुसऱ्यात पॅप स्मिअर (गर्भाशयमुखाच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली बघणं), तिसऱ्यात व्हिनेगरसारखं द्रावण लावून नुसत्या डोळ्यांनी तपासणी म्हणजे व्हीआयए, चौथ्यात नेहमीची आरोग्यसेवा. आठ वर्षांच्या पाठपुराव्यात चौथ्या गटात या कॅन्सरने ६४ बायका गेल्या, एचपीव्हीच्या गटात ३४. आणि ही चाचणी प्रत्येकीची एकदाच झाली होती. चौथ्या गटाला तपासणीविना ठेवलं यावर पुढे कडक टीका झाली, आणि ती गैर होती असं मला वाटत नाही.

डॉ. शंकरनारायणन, डॉ. भगवान नेने आणि सहकाऱ्यांचा हा निबंध २००९ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आला. या विषयावरच्या जगभरच्या लेखनात तो आजही हमखास सापडतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांत एचपीव्ही चाचणीलाच पहिली पसंती दिली. सायटेशनच्या हिशेबात यापुढे काय हवं?

पण भूम-परंड्याच्या बाईला काय मिळालं? कॅन्सर तपासणीच्या राष्ट्रीय कार्यक्रमाच्या २०१६ च्या आराखड्यात तिच्यासाठी व्हीआयए आहे. त्याच अभ्यासात व्हीआयएच्या गटात मृत्यू लक्षणीय घटले नव्हते. मुंबईत झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात दर दोन वर्षांनी व्हीआयए केल्यावर फायदा दिसला, हे मान्य. पण दर दोन वर्षांनी तपासणी सांभाळायची तर उपकेंद्रात तेवढी माणसं हवीत. सार्वजनिक आरोग्य खातं आपल्याकडे नाही, ठाऊक आहे. पण मंत्रिमंडळात आपण शेजारीच बसता.

आता दुसरी बाजू. १९८७ पासून बार्शी, परंडा आणि भूम तालुक्यांत ग्रामीण कर्करोग नोंदणी (कोणाला कोणता कॅन्सर झाला याची पद्धतशीर नोंद) चालू आहे, देशातली पहिली. खेड्यातला रुग्ण आपणहून दवाखान्यात येत नाही, म्हणून नोंदणीचे कर्मचारी गावोगाव फिरले, लक्षणं सांगितली, संशयितांना तपासणीला आणलं. कॅन्सरच्या जगात भरमसाट सायटेशन कोणाला मिळतात? जागतिक आकडेवारीच्या निबंधांना. ती आकडेवारी ज्यावर उभी राहते त्या नोंदवह्या भरणाऱ्याचं नाव लेखकांच्या यादीत नसतं, त्यामुळे त्याचा एच-इंडेक्स शून्य. आणि दुसऱ्यांच्या आकड्यांवर बसल्या जागी आढावे लिहिणारा पुढे सरकतो. हे मी फायलींत डोळ्यांनी बघतो.

अध्यापकांची किमान पात्रता राष्ट्रीय वैद्यकीय आयोग ठरवतो, तिथे आपला हात आखडता असणार. पण संस्थाप्रमुख नेमताना, संशोधनाला निधी देताना अर्जाचा नमुना आपल्या खात्याचा असतो. त्यात एकूण निबंध आणि एकूण सायटेशन मागू नका. उमेदवाराला आपले तीन निबंध निवडू द्या आणि विचारा: यात तुमचं नेमकं काम कोणतं, माहिती कोणी गोळा केली, ज्या गावांतून ती आणली तिथे पुढे काय झालं? नोंदणीत किंवा गावपातळीवरच्या तपासणीत घालवलेल्या वर्षांना निबंधाइतकं वजन द्या. छत्रपती संभाजीनगरची राज्य कर्करोग संस्था मराठवाड्यातच आहे, सुरुवात तिथून होऊ शकते.

आकडा हवाच असेल तर तो कुठून घेतला, कोणत्या तारखेला, हे लिहिणं सक्तीचं करा. नमुन्याचा कच्चा मसुदा लागला तर कळवा. आम्ही दोन-चार ग्रंथपाल बसून करून देऊ, मानधन नको.

आपला,
एक ग्रंथपाल, धाराशिव