सत्र संपल्यावर अभिप्राय कशासाठी?

महोदय,

पुण्यातील अनेक महाविद्यालयांत सत्र संपत आले की विद्यार्थ्यांकडून अध्यापनाविषयीचे अभिप्राय अर्ज भरून घेतले जातात. ते नॅकच्या, म्हणजे महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या राष्ट्रीय संस्थेच्या, फायलीत नीट लागतात. परंतु ज्या वर्गाने ते भरले, त्याच्या पदरात काही पडत नाही, कारण तोवर त्याचा अभ्यासक्रम शिकवून संपलेला असतो. नॅकने २०१७ च्या सुधारित मूल्यांकन पद्धतीत विद्यार्थी समाधान सर्वेक्षण आणले, हे स्वागतार्हच आहे. पण तेही पटावर असलेल्यांनाच विचारते. पहिल्याच सत्रात शिक्षण सोडून गावी परतलेल्या विद्यार्थ्याला मात्र कोणी काही विचारत नाही.

मी प्रथम वर्ष वाणिज्यच्या वर्गाला शिकवते. बारावीपर्यंत मराठीतून शिकून आलेली मुले इंग्रजी व्याख्यान मुकाट्याने ऐकतात आणि हात वर करून ‘कळले नाही’ म्हणायला धजावत नाहीत. म्हणून सत्राच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यातच, नाव किंवा पीआरएन (विद्यापीठाचा कायम नोंदणी) क्रमांक न मागता, चिठ्ठीवर दोन प्रश्न विचारावेत: काय समजले नाही, आणि तासाला येण्यात कोणती अडचण आहे? पुढच्या तासाला शिक्षकाने काय बदलणार आणि काय बदलता येणार नाही, हे वर्गाला स्पष्ट सांगावे; नाहीतर मुले दुसऱ्यांदा मनापासून लिहीत नाहीत. माझ्या वर्गात घसारा, तरतूद अशा हिशेबातल्या संकल्पना आधी मराठीत समजावून सांगाव्यात, अशी मागणी वारंवार आली. तसे सुरू केल्यावर मागच्या बाकांवरूनही प्रश्न येऊ लागले.

दुसऱ्या प्रश्नाची उत्तरे एकट्या शिक्षकाच्या आवाक्यातली नसतात. रात्रपाळीचे काम, वसतिगृहात न मिळालेली जागा, रखडलेली शिष्यवृत्ती, खानावळीचे थकलेले पैसे ही कारणे वेळीच कळली, तर ‘कमवा आणि शिका’ योजना, शिष्यवृत्ती विभाग किंवा समुपदेशक यांच्याकडे विद्यार्थ्याला नेता येते. आज गैरहजेरीची दखल किमान ७५ टक्के हजेरीच्या नियमापुरती, सत्राच्या अखेरीस सूचना फलकावर नावे लावून घेतली जाते. सलग आठवडाभर न आलेल्या विद्यार्थ्याला त्याच आठवड्यात फोन गेला पाहिजे.

हे करणार कोण, हा खरा प्रश्न आहे. कागदावर मेंटॉर, म्हणजे विद्यार्थ्यांचे मार्गदर्शक शिक्षक, नेमलेले असतात. पण तासिका तत्त्वावरील प्राध्यापकाला मानधन मिळते ते घेतलेल्या तासांचे, विद्यार्थ्याशी बोलण्यात घालवलेल्या वेळेचे नाही. तो वेळ कार्यभारात धरल्याशिवाय ही व्यवस्था उभी राहणार नाही. शिवाय २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडण्याची सोय आहे. नाइलाजाने झालेली गळती या सोयीच्या नावाखाली झाकली जाण्याची मला काळजी वाटते.

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाने संलग्न महाविद्यालयांना सत्राच्या सुरुवातीच्या आठवड्यांतील असा अभिप्राय बंधनकारक करावा, आणि महाविद्यालय सोडल्याचा दाखला मागायला आलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याशी खिडकीवरील लिपिकाआधी एका शिक्षकाने बोलून कारण नोंदवावे, अशी विनंती आहे. या नोंदी नावे वगळून अभ्यासक्रम ठरवणाऱ्या अभ्यास मंडळांसमोरही ठेवल्या जाव्यात.

— एक प्राध्यापिका, पुणे